पॅकेज कशावरून पाडायचे? पार्नास यांचा 1972 चा पेपर, सातबारा आणि डीस्पेस

पेटची तयारी करणाऱ्यांपैकी कॉम्प्युटर सायन्सवाल्यांसाठी ही पोस्ट आहे. विषय दिसायला अगदी साधा आहे: सर्व्हरवर चालणाऱ्या वेब ॲप्लिकेशनमध्ये क्लासेस कोणत्या पॅकेजात ठेवायचे? तुम्ही म्हणाल, हा काय संशोधनाचा विषय झाला? हा तर प्रोजेक्ट सुरू करताना पाच मिनिटांत उरकायचा प्रश्न. पण ह्याच प्रश्नावर सिनॉप्सिस लिहिले जातात, आणि त्यातले बरेचसे एका वाक्यात पडतात. ते वाक्य म्हणजे "फीचरनुसार केलेली रचना थरांनुसार केलेल्या रचनेपेक्षा चांगली असते." समितीतल्या कुणी विचारले की "चांगली म्हणजे काय?", की पुढे गाडी अडते.

ह्या पोस्टमध्ये आपण ह्या विषयाचा मूळ पेपर तपासून बघू. त्यात काय टिकते, काय टिकत नाही, आणि त्यातून खरा संशोधनप्रश्न कसा निघतो ते पाहू.

दोन पंथ

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. कॉलेजच्या स्प्रिंग बूट प्रोजेक्टमध्ये तुम्ही बहुधा चार पॅकेजेस केली असतील: कंट्रोलर, सर्व्हिस, रिपॉझिटरी, मॉडेल. प्रत्येक क्लास "कोणत्या प्रकारचा आहे" यावरून त्याची जागा ठरते. ही थरांनुसार रचना. दुसरी पद्धत अशी की ग्राहकाचे सगळे क्लासेस "ग्राहक" पॅकेजात आणि ऑर्डरचे सगळे "ऑर्डर" पॅकेजात. ही विषयानुसार रचना, म्हणजेच फीचरनुसार.

गंमत बघा. बहुतेक ट्युटोरियल्स थरांची रचना शिकवतात, पण स्प्रिंग बूटच्या अधिकृत दस्तऐवजात जे नमुन्याचे झाड दिले आहे ते विषयानुसार आहे: कस्टमर आणि ऑर्डर अशी दोन पॅकेजेस, आणि प्रत्येकाच्या आत त्याचे कंट्रोलर, सर्व्हिस, रिपॉझिटरी. स्प्रिंगचा पेटक्लिनिक हा प्रसिद्ध नमुना प्रोजेक्ट घ्या. त्याच्या जुन्या आवृत्तीत मॉडेल, रिपॉझिटरी, सर्व्हिस, वेब असे थर होते. स्प्रिंग बूटच्या आवृत्तीत ओनर, व्हेट अशी विषयवार पॅकेजेस आली. म्हणजे वारे कुठल्या दिशेला वाहते आहे ते दिसतेच. पण वाऱ्याची दिशा हा पुरावा नव्हे. अधिकृत दस्तऐवजाने सांगितले म्हणून एखादी रचना चांगली, असे सिनॉप्सिसमध्ये लिहिता येत नाही.

पार्नास काय म्हणाले होते

डिसेंबर 1972 मध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' मध्ये डेव्हिड पार्नास यांचा पेपर आला. प्रश्न हाच होता: सिस्टिमचे तुकडे कोणत्या निकषावर पाडायचे? पेपर अवघा सहा पानांचा आहे. एसीएमने 2000 पर्यंतचे आपले जुने साहित्य 2022 मध्ये सर्वांसाठी मोफत खुले केले, त्यामुळे मंगळवेढ्यात बसूनही तो उतरवून घेता येतो. त्यासाठी विद्यापीठाच्या लायब्ररीचा लॉगिन लागत नाही. मूळ पेपर वाचाच. त्याच्या सारांशावर विसंबू नका, माझ्याही नाही.

त्यांनी एक छोटा प्रोग्राम घेतला. काही ओळी द्यायच्या, प्रत्येक ओळीतले शब्द फिरवून नव्या ओळी तयार करायच्या आणि त्या सगळ्या वर्णानुक्रमे छापायच्या. हाच प्रोग्राम त्यांनी दोन पद्धतींनी तोडला. पहिल्या पद्धतीत कामाच्या पायऱ्यांप्रमाणे: वाचणे, फिरवणे, क्रम लावणे, छापणे आणि ह्या सगळ्यांना चालवणारा एक. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक मॉड्यूलने डिझाइनचा एकेक निर्णय इतरांपासून लपवायचा. उदाहरणार्थ, ओळी मेमरीत कशा साठवल्या आहेत हे फक्त एकाच मॉड्यूलला माहीत.

मग त्यांनी संभाव्य बदलांची यादी केली. इनपुटचा साचा बदलला तर? सगळ्या ओळी एकदम मेमरीत ठेवायच्या नसतील तर? आणि प्रत्येक बदलाला कोणत्या रचनेत किती मॉड्यूल्सना हात लावावा लागतो ते दाखवले. दुसरी रचना सरस ठरली.

आता टीका. ह्या युक्तिवादातली सगळ्यात कमकुवत जागा कोणती? बदलांची यादी. ती पार्नास यांनी स्वतःच केली आहे. ज्या निर्णयांना दुसऱ्या रचनेत लपवले, नेमके तेच निर्णय यादीत बदलतात. परीक्षकानेच पेपर काढला आणि परीक्षकानेच सोडवला, असा हा प्रकार. यादीत वेगळे बदल घातले असते तर निकाल वेगळा लागला असता का, हे पेपरमध्ये तपासलेले नाही.

पण ह्याच जागी पेपरची ताकदही आहे, हे विसरू नका. त्यांनी "ही रचना सुंदर आहे" असे म्हटले नाही. त्यांनी यादी टेबलावर ठेवली. यादी समोर आहे म्हणूनच आज मला आणि तुम्हाला ती खोडता येते. "फीचरनुसार रचना चांगली" हे वाक्य असे खोडता येत नाही, कारण त्यात यादीच नाही.

यादी बाहेरून आणू: सातबारा

मग आपण काय करायचे? बदलांची यादी आपण करायची नाही, ती बाहेरून आणायची. आपल्या सगळ्यांच्या घरात असलेले उदाहरण घेऊ.

महाराष्ट्रात तलाठ्याच्या दप्तरात गावाचे 21 नमुने असतात. त्यातला नमुना 7 म्हणजे अधिकार अभिलेख: जमीन कुणाची, क्षेत्र किती, बोजा कुणाचा. नमुना 12 म्हणजे पिकांची नोंद. हे दोन वेगळे नमुने आहेत; एकत्र लागतात म्हणून एका कागदावर येतात आणि आपण त्याला सातबारा म्हणतो. नमुना 6 म्हणजे फेरफार: खरेदी, वारस वगैरेंमुळे हक्कात होणारा बदल आधी इथे नोंदवतात, संबंधितांना नोटीस जाते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मगच नमुना 7 बदलतो. नमुना 8अ म्हणजे एका खातेदाराच्या सगळ्या जमिनीचा उतारा.

आता मंगळवेढ्याच्या काळ्या रानाचा विचार करा. ज्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती रब्बीत पेरली की नमुना 12 वर नोंद चढते. पुढच्या वर्षी त्याच रानात हरभरा केला की नमुना 12 पुन्हा बदलतो. नमुना 7 वरचे नाव मात्र तेच राहते. उलट वडील वारले आणि वारस लागले, तर नमुना 7 बदलतो. रानात उभी असलेली ज्वारी तीच असते. एकाच कागदावर शेजारी छापलेल्या ह्या दोन गोष्टी वेगवेगळ्या कारणांनी, वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या माणसांच्या हातून बदलतात. एकत्र वाचले जाणे वेगळे आणि एकत्र बदलणे वेगळे. हा फरक लक्षात ठेवा, कारण पॅकेज पाडताना सगळा घोळ इथेच होतो.

समजा, असे ॲप्लिकेशन तुम्हाला लिहायचे आहे. तीन रचना कागदावर मांडू.

पहिली, थरांची: कंट्रोलर, सर्व्हिस, रिपॉझिटरी, एन्टिटी, डीटीओ.
दुसरी, विषयांची: हक्क (नमुना 6 आणि 7), पीक (नमुना 12), खाते (नमुना 8अ). प्रत्येक पॅकेज आपापला उतारा स्वतः छापते.
तिसरी: दुसरीसारखीच, पण "उतारा" असे वेगळे पॅकेज. कागद कसा दिसतो आणि त्यावर सही कशी होते, हे फक्त त्यालाच माहीत.

आता प्रत्यक्षात घडलेले तीन बदल घेऊ. ही यादी माझी नाही, सरकारची आहे.

2018: डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. पहिल्या रचनेत सहीची नवी सर्व्हिस येते, थोडा कंट्रोलर बदलतो. दुसरीत सही प्रत्येक उताऱ्यावर न्यायची म्हटली तर तिन्ही पॅकेजेस उघडावी लागतात. तिसरीत फक्त उतारा.

2020: सातबाऱ्याचा छापील नमुना बदलला, गावाच्या नावाबरोबर गावाचा कोडही आला. पहिल्या रचनेत डीटीओ आणि एन्टिटीला हात लागतो. दुसरीत भलताच प्रश्न उभा राहतो: सातबारा हा कागद हक्क पॅकेजाचा की पीक पॅकेजाचा? दोघांचाही नाही. तिसरीत उतारा बदलतो, शिवाय कोड साठवायचा म्हणून गावाची एन्टिटीही बदलते. म्हणजे तिसरी रचनाही इथे पूर्ण सुटलेली नाही.

2021: ई-पीक पाहणी आली. पिकाची नोंद आता शेतकरी स्वतः मोबाइलवरून करतो. पहिल्या रचनेत पाचही पॅकेजेस उघडावी लागतात. दुसरीत आणि तिसरीत मुख्यतः पीक हे एकच पॅकेज बदलते. पीक पॅकेज बाहेर जे देते ते तसेच राहिले, तर उताऱ्याला पत्ताही लागत नाही.

काय दिसले? थरांची रचना 2021 च्या बदलात हरली, पण 2018 च्या बदलात विषयवार रचनेपेक्षा बरी ठरली. तिसरी रचना एकंदरीत सरस दिसते, पण ती "फीचर"मुळे नाही. "उतारा" हे पॅकेज ना थर आहे, ना लोकांच्या दृष्टीने स्वतंत्र विषय. तो लपवलेला एक निर्णय आहे: कागद कसा दिसतो. पार्नास यांचे म्हणणे नेमके हेच होते. आज दोन्ही पंथ त्यांचे नाव घेतात आणि दोन्ही पंथ त्यांचा निकष सोडून देतात. "फीचर" हा शब्द निकषाच्या जागी बसवला की निकष विचारायचे कामच उरत नाही.

अर्थात माझ्या ह्या कागदी व्यायामातही खोट आहे. बदल बाहेरचे आहेत, पण तिन्ही रचना माझ्या आहेत, आणि तिसरी रचना मी हे बदल माहीत असताना केली. 2017 मध्ये बसून "उतारा" वेगळा काढायचे सुचले असते का? रचनेची खरी परीक्षा अशीच घ्यावी लागते: आधी लिहिलेला कोड आणि नंतर आलेले बदल.

कंपायलर काय राखतो

आणखी एक मुद्दा पुष्कळ चर्चांमध्ये सुटतो. जावामध्ये पॅकेज म्हणजे नुसते फोल्डर नाही. क्लासच्या आधी पब्लिक लिहिले नाही, तर तो क्लास त्याच पॅकेजापुरता दिसतो. थरांच्या रचनेत ही सोय जवळजवळ वाया जाते. सर्व्हिस एका पॅकेजात आणि रिपॉझिटरी दुसऱ्या. मग रिपॉझिटरी पब्लिक करावीच लागते. एकदा पब्लिक झाली की ती सगळ्यांचीच.

सातबाऱ्याच्या उदाहरणात याचा अर्थ गंभीर आहे. "फेरफार प्रमाणित झाल्याशिवाय नमुना 7 बदलायचा नाही" हा नियम लोकांच्या जमिनीचे रक्षण करतो. नमुना 7 ची रिपॉझिटरी पब्लिक असेल, तर हा नियम प्रोग्रामरच्या शिस्तीवर चालतो. नमुना 6 आणि 7 एका पॅकेजात ठेवले, रिपॉझिटरी पब्लिक केली नाही आणि बाहेर फक्त "फेरफार प्रमाणित करा" ही एकच वाट ठेवली, तर नियम बऱ्याच अंशी कंपायलर राखतो. जिद्दीने वाट काढणाऱ्याला रिफ्लेक्शन आहेच, पण चुकून कुणी आत शिरत नाही.

इथे एक सापळा आहे. जावात उपपॅकेज हे दिसायला आत असते, पण अधिकाराच्या दृष्टीने ते पूर्ण परके असते. "हक्क" च्या आत "हक्क डॉट रिपॉझिटरी" केले की वरची सगळी सोय गेली.

खरा कोड: डीस्पेस

आता खऱ्या कोडकडे येऊ. शोधगंगा तुम्ही वापरतच असाल. ती डीस्पेस ह्या सॉफ्टवेअरवर चालते. एमआयटीची लायब्ररी आणि एचपी लॅब्ज यांनी मिळून ते 2002 मध्ये आणले. जावात लिहिलेले आहे, मुक्त स्रोत आहे, आणि त्याचा गिटचा इतिहास कुणालाही उतरवून घेता येतो.

डीस्पेसचा गाभा आधीपासून विषयवार आहे: कंटेंट पॅकेजात आयटम, कलेक्शन, कम्युनिटी, ईपर्सन पॅकेजात वापरकर्ते आणि गट, ऑथराइज पॅकेजात परवानग्या. 2016 च्या आवृत्ती 6 मध्ये डेटाबेसचे काम हायबरनेटकडे गेले आणि कंटेंटच्या आत सर्व्हिस आणि डीएओ अशी उपपॅकेजेस आली. म्हणजे वर विषय, आत थर. मग 2021 च्या आवृत्ती 7 मध्ये नवा रेस्ट थर आला, आणि त्याची मांडणी बरीचशी प्रकारानुसार आहे: मॉडेल, कन्व्हर्टर, रिपॉझिटरी. एकाच प्रोजेक्टमध्ये दोन्ही पंथ सुखाने नांदत आहेत. संशोधकाला यापेक्षा चांगले शेत कुठे मिळणार?

वर सांगितलेला सापळा इथे प्रत्यक्ष दिसतो. आयटमचा डीएओ उपपॅकेजात असल्याने तो पब्लिक आहे. म्हणून त्याच्यावरच्या टिपणीत लिहून ठेवावे लागले आहे की हा एकाच सर्व्हिसने वापरावा, बाहेर उघड करू नये. नियम आहे, पण तो कॉमेंटमध्ये आहे. कंपायलरला कॉमेंट वाचता येत नाही.

आणि एक उलटी गोष्टही शिका. प्रबंधाच्या नोंदीत नवा रकाना हवा असेल, तर डीस्पेसमध्ये सहसा क्लास बदलावा लागत नाही. मेटाडेटाचे रकाने डेटाबेसमधल्या नोंदणीत असतात आणि ॲडमिनला ते वाढवता येतात. म्हणजे रिपॉझिटरी सॉफ्टवेअरमधला सगळ्यात नेहमीचा बदल पॅकेजच्या प्रश्नातून बाहेरच काढला आहे. पॅकेजची रचना हा बदल झेलण्याचा एकच मार्ग नाही, हे सिनॉप्सिसमध्ये मान्य करायला हवे.

मग प्रश्न कसा मांडायचा

"कोणती रचना चांगली" असे विचारू नका. असे विचारा: डीस्पेसच्या गाभ्यात आणि रेस्ट थरात, ठरावीक काळातल्या कमिट्सपैकी किती कमिट्स एकाच पॅकेजात मावल्या? कोणते क्लासेस वेगवेगळ्या पॅकेजांत राहूनही वारंवार एकत्र बदलले? ह्या वाटेवर आधी काम झाले आहे. 1998 मध्ये गाल, हायेक आणि जझायेरी यांनी आवृत्त्यांच्या इतिहासातून असे छुपे संबंध शोधले. 2004 मध्ये त्सिमरमान आणि सहकाऱ्यांनी हेच काम कमिट्सच्या पातळीवर नेले. त्यांचे पेपर आधी वाचा.

मोजायला बसलात की हे खड्डे लागतील:

1. काही कमिट्स शेकडो फाइल्सना हात लावतात: लायसन्सचा मजकूर बदलला, फॉरमॅट लावला. त्या वगळल्या नाहीत तर सगळेच सगळ्यांबरोबर बदलते असे दिसेल. पण किती फाइल्सच्या वरच्या वगळायच्या ते आधी ठरवून लिहा, निकाल पाहून नव्हे.

2. एका कमिटमध्ये दोन असंबद्ध कामे असू शकतात, आणि एक काम पाच कमिट्समध्ये पसरलेले असू शकते. पुल रिक्वेस्ट हे एकक धरून पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे द्या.

3. क्लास दुसऱ्या पॅकेजात हलवला की त्याचा इतिहास तुटल्यासारखा दिसतो. गिट नाव बदलल्याचा अंदाज करते, पण तो अंदाजच. नमुना म्हणून काही हाताने तपासा.

4. गाभा आणि रेस्ट थर यांचे काम वेगळे, वय वेगळे. दोन आकड्यांतला फरक रचनेमुळेच आला असे लगेच म्हणू नका.

आणि सगळ्यात मोठा खड्डा असा. जो बदल अवघड वाटला म्हणून कुणी केलाच नाही, तो गिटमध्ये नसतो. वाईट रचनेचे मुख्य नुकसान कदाचित तिथेच असेल, आणि कमिट्स मोजून ते कधीच दिसणार नाही. त्यासाठी बंद न झालेले इश्यू, अर्धवट सोडलेल्या पुल रिक्वेस्ट वाचाव्या लागतात. हे काम कंटाळवाणे आहे, म्हणूनच तिथे जागा शिल्लक आहे.

पार्नास यांच्याबद्दल माझे मत शेवटी असे: निकष बरोबर, पुरावा अपुरा. पन्नास वर्षांनंतर तो पुरावा गोळा करायची साधने एका साध्या लॅपटॉपवर आली आहेत. लॅब लागत नाही, पैसे देऊन घ्यायचे जर्नल लागत नाही, महागडे टूल लागत नाही. तालुक्याच्या गावातून पीएचडी करणाऱ्याला ही गोष्ट लहान नाही.

पुढच्या पोस्टच्या आधी एवढे करून बघा. तुमच्या कॉलेज प्रोजेक्टचा गिट लॉग काढा आणि शेवटच्या 20 कमिट्स वहीत लिहा. प्रत्येकीपुढे दोन गोष्टी लिहा: किती पॅकेजेस उघडली, आणि बदल कोणाच्या सांगण्यावरून झाला. दुसरा रकाना भरताना त्रास होईल, कारण कमिट मेसेजमध्ये "चेंजेस डन" एवढेच लिहिलेले असेल. तो रकाना भरला गेला, की पहिला रकाना का फुगला ते बहुतेक वेळा त्यातच सापडते.